रिंगणातले हात

"ठराव मान्य असेल त्यांनी हात वर करावेत," बाल्त्स म्हणाला, आणि रिंगणभर हात उगवले.

मी रिंगणाच्या बाहेर होतो. चर्चच्या पायऱ्यांवर, सावलीत, विमलच्या शेजारी. रिंगणात फक्त खोऱ्याचे नागरिक उभे राहतात. आम्ही पडलो परदेशी, त्यामुळे आम्ही, पाहुणे आणि शाळेची पोरं बाहेर. मे महिन्यातला रविवार होता. डोंगरांवर अजून बर्फ होतं, चौकात मात्र कोवळं ऊन पडलं होतं आणि कुठून तरी सॉसेज भाजल्याचा वास येत होता. विमलनं नाकाला पदर लावला होता.

राउफेनचं खोरं वर्षातून एकदा असं चौकात जमतं आणि स्वतःचे कायदे स्वतः करतं. मतपेटी नाही, चिठ्ठी नाही. हात वर करायचा. गंमत म्हणजे ते हात कुणी मोजत नाही. मधोमध लाकडी चौथऱ्यावर खोऱ्याचा प्रमुख उभा असतो. काळा कोट, उंच टोपी, पुढ्यात टेकवलेली जुनी तलवार आणि तिच्या मुठीवर त्याचे दोन्ही हात. तो नजर फिरवतो आणि कुठले हात जास्त ते सांगतो. त्याच्या डोळ्याला दिसलं ते खरं. त्यावर तक्रार नाही, अपील नाही. स्वतः त्याला मत नसतं. त्याचे हात तलवारीवरून हलायचे नाहीत, असा रिवाज.

त्या वर्षी प्रमुख होता बाल्त्स हेफ्टी. ठरावही त्याचाच होता. त्याच्या आयुष्यभराच्या खटपटीचा तो शेवटचा घास होता म्हणा ना.

"हात खाली. ठराव नामंजूर असेल त्यांनी."

पुन्हा तेवढंच हातांचं रान उभं राहिलं.

"काय वाटतं हो?" विमलनं विचारलं.

"कळत नाही."

बाल्त्सनं मान डावीकडून उजवीकडे नेली. सावकाश. मग तो म्हणाला, "स्पष्ट दिसलं नाही. पुन्हा घेऊ."

मी एक पायरी वर चढलो.

इथं थांबतो. दुसऱ्यांदा हात वर होण्याआधी तुम्हाला रंगखात्यात न्यायला हवं, नाहीतर चौकात काय घडलं ते तुम्हाला नुसतं दिसेल. कळणार नाही. मलाही त्या दिवशी नुसतं दिसलंच होतं.

*

रंगखातं म्हणजे राउफेनच्या कापडछपाईच्या गिरणीतली एक लांबट खोली. तिला एकच मोठी खिडकी होती, उत्तरेकडची. रंगाचा नमुना बघायचा तो उत्तरेच्या उजेडात. हा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही आणि डोळ्यावर ऊनही येत नाही. मी इचलकरंजीचा, कोष्ट्याच्या घरातला. मुंबईत रंगाचं शिक्षण झालं, तिथल्याच गिरणीत हात बसला आणि तिथून या गिरणीनं मला उचलून आणलं. माझा राहण्याचा परवाना गिरणीच्या नावावर होता. गिरणी आहे तोवर मी आहे. दरवर्षी शिक्का.

बाल्त्स त्याच गिरणीचा जुना कापडविक्या. आमच्या गिरणीतले लाल डोईरुमाल पूर्वी पार आपल्याकडे येऊन विकले जायचे. तरुणपणी बाल्त्सनं मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटात बरेच महिने काढले होते. तिथं तो कुणा मराठी दलालाकडून एकच वाक्य शिकून आला. "परवडत नाही." ते त्यानं जन्मभर वापरलं. बर्फ फार पडलं, परवडत नाही. भाषण लांबलं, परवडत नाही. तुम्ही लग्न का नाही केलंत म्हणून विमलनं एकदा सरळच विचारलं, तर छातीवर हात ठेवून म्हणाला, "परवडत नाही!"

विमल हसली. नंतर मला म्हणाली, "त्या माणसाच्या घरी संध्याकाळी दिवा कोण लावत असेल?"

कापड विकता विकता तो राजकारणात शिरला. आधी गावाचं मंडळ, मग खोऱ्याचं, मग व्यापार-उद्योगाचं खातं. बर्नला देशाच्या राजधानीत समित्यांवर बसून जकाती आणि कोटे यांवर बोलायला लागला. खोऱ्यातला माणूस, पण बोलायचं जगाचं. "आपल्या खोऱ्याला दार एकच आहे," तो प्रत्येक सभेत सांगायचा. "ते आतून लावून घ्यायची सवय लागली तर बाहेरच्याचं काही बिघडणार नाही. आपणच आत कोंडून मरू." लोक टाळ्या वाजवायचे आणि घरी जाऊन दार लावून घ्यायचे.

गिरणी मोडकळीला आली होती. ऑर्डरी पूर्वेकडे चालल्या होत्या. बाल्त्स कितीतरी वर्षं गिऱ्हाईक शोधत फिरला आणि शेवटी हाँगकाँगच्या एका कंपनीला त्यानं राजी केलं. कंपनी गिरणी घेणार, सगळी माणसं ठेवणार. अट एक. गिरणीच्या कालव्याचं पाणी लांब मुदतीच्या करारानं द्यायचं. पाणी खोऱ्याच्या मालकीचं, म्हणजे ते द्यायचं की नाही ते चौकात ठरणार.

तो निकाल लागायच्या आधीच्या हिवाळ्यात एक दिवस तो रंगखात्यात आला. बुटांना बर्फ तसंच.

"मुरदंडे, मला काहीतरी हातानं करू द्या. सकाळपासून नुसतं बोलतोय."

"लाल बनवा," मी म्हणालो. "तुमच्या रुमालाचा लाल."

त्यानं बाह्या वर केल्या. जुना रुमाल समोर ठेवला, रंग घेतले, खळ घेतली, ढवळत बसला. ओठांतून जीभ बाहेर. तासाभरानं त्यानं पट्टी छापली, वाळवली आणि रुमालाशेजारी खिडकीत धरली.

"झाला! बघा. सख्खा भाऊ."

मी पाहिलं. "चुलत."

"काय?"

"पिवळा जास्त झालाय."

"कुठं पिवळा? मला तर एकच दिसतोय."

"तुम्हाला दिसणारच. तुम्हीच बनवलाय. मनात जो लाल होता तोच डोळा दाखवणार." मग मी त्याला आमच्या कादरमास्तरांचा नियम सांगितला. मुंबईच्या गिरणीत मी त्यांच्या हाताखाली शिकलो. "ज्यानं शेड बनवली, त्यानं ती पास करायची नाही. कितीही मोठा मास्तर असो. दुसऱ्याला बोलवायचं, ज्याला त्या रंगाशी देणंघेणं नाही अशाला."

"आणि दुसरं कुणी नसेल तर?"

"मग नापास."

"सगळा माल?"

"सगळा माल."

"परवडत नाही," बाल्त्स म्हणाला आणि आम्ही दोघंही खो खो हसलो.

मग त्यानं माझ्या थर्मासातला चहा दोन भांड्यांत ओतला. रंग मोजायची काचेची भांडी, धुतलेली. त्या देशात 'तुम्ही'वरून 'तू'वर यायचं तर वयानं मोठ्यानं पुढाकार घ्यावा लागतो आणि त्यावर एक पेला व्हावा लागतो, वाइनचा. लोक वर्षानुवर्षं शेजारी राहतात आणि तुम्ही-तुम्ही करत मरतात.

"चहावर चालेल?" त्यानं विचारलं.

"नियमात बसत नाही."

"पण तू दारू पीत नाहीस ना." तो थबकला. "बघ, तोंडातून गेलंसुद्धा. बाल्त्स."

"शशी."

भांडी एकमेकांना टेकली. इतक्या वर्षांत त्या खोऱ्यात मला तू म्हणणारा तो पहिला. पुढं दुसरा कुणी झाला नाही.

*

दुसऱ्यांदा.

"ठराव मान्य असेल त्यांनी."

आधी भाषणं झाली होती, त्यांतलं एक तेवढं सांगतो. एक दाढीवाला शेतकरी चौथऱ्यावर चढला होता. म्हणाला, "हेफ्टींनी आधी आपले रुमाल विकले. आता पाणी विकतायत. पुढच्या वर्षी डोंगर काढा! बर्फासकट द्या, टिकेल तरी!" रिंगण हसून हसून आडवं झालं. बाल्त्सला उत्तर द्यायची सोय नव्हती. तलवार हातात घेतली की प्रमुखानं ठरावाच्या बाजूनं किंवा विरुद्ध एक शब्द काढायचा नाही. स्वतःच्या ठरावाची चेष्टा त्यानं दोन हात मुठीवर ठेवून ऐकून घेतली. शेतकरी खाली उतरताना त्याच्याकडे बघून ओशाळला आणि त्यानं टोपी काढली. बाल्त्सनं मान लववली.

"हात खाली. नामंजूर असेल त्यांनी."

आमच्याच पायऱ्यांवर, थोडे खाली, चांगले ओव्हरकोट घातलेले दोघं उभे होते. ते बर्नहून आलेले, बाल्त्सच्या पक्षाचे. सबंध खोऱ्याला ठाऊक होतं की देशाच्या व्यापारमंत्र्याची जागा रिकामी व्हायच्या बेतात आहे आणि ठराव पास झाला तर या दोघांच्या खिशात बाल्त्सचं नाव आहे. स्वतःचं खोरं ज्याला उघडता येत नाही त्याच्या हाती देशाचं दार कोण देणार?

त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "आता म्हणेल. हो म्हणेल आणि मोकळा होईल."

बाल्त्सनं मागं वळून खोऱ्याच्या मंडळातल्या आपल्या सहकाऱ्यांच्या बाकाकडे पाहिलं. अडचण पडली तर प्रमुख त्यांना विचारू शकतो. बाकावरची झाडून सगळी माणसं आपापल्या बुटांकडे बघत होती.

"पुन्हा घेऊ," बाल्त्स म्हणाला. "तिसऱ्यांदा. त्यानंतर नाही."

रिंगणात कुजबुज सुरू झाली. मी विमलकडे पाहिलं. ती बोटांनी पदराचं टोक पिळत होती.

विमलला काय हवं होतं ते आता सांगायलाच हवं.

आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, बाल्त्स आमच्याकडे आला होता. विमलनं पोहे केले होते. तिथल्या दुकानात पोहे मिळायचे नाहीत. ती गावाहून येणाऱ्या पार्सलातले पुरवून पुरवून वापरायची. तरी त्याला ताटली भरून दिली. तिची जर्मन दुकानापुरती, पण बाल्त्सशी ती बिनधास्त बोलायची, कारण तिच्या चुकांना तो हसायचा नाही.

"उद्या काय होईल?" मी विचारलं.

"तुला काय हवंय?" तो म्हणाला.

"हे काय विचारणं झालं? मला इथं काम करायचंय."

"आणि विमल, तुम्हाला?"

मी डोळ्यानं खुणावलं, पण ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"मला घरी जायचंय," ती म्हणाली.

"विमल!"

"खोटं कशाला बोलू? ह्यांना इथं रंग आहेत. मला काय आहे? खिडकीतून डोंगर दिसतो. चांगला आहे. पण तो माझ्याशी बोलत नाही. इथं जिन्यात शेजारीण भेटली तर 'दिवस शुभ असो' म्हणते आणि तिचं दार लागतं. आई आजारी होती तेव्हा मी इथं होते. आई गेली तेव्हाही इथंच. तुमचा ठराव पडला तर मला वाईट वाटेल. ह्यांच्यासाठी. तुमच्यासाठीही. पण मला विचाराल तर पडू दे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाल्त्सनं चमचा खाली ठेवला.

"सकाळपासून सबंध खोऱ्यानं मला सांगितलंय की ते माझ्या पाठीशी आहेत," तो म्हणाला. "खरं बोलणारी तुम्ही पहिली." मग ताटली पुढे केली. "आणखी आहेत?"

विमलनं कढईतले होते नव्हते ते त्याला वाढले.

जाताना तो दारात उभा राहिला. गळ्यातला मफलर त्याला नीट बांधताच येईना, दोनदा बांधून सोडला. "शशी, उद्या तिथं वर उभं राहिलं की सगळी ओळखीची तोंडं दिसतात. आणि एकाशीही बोलता येत नाही."

"निकाल सांगितलास की बोल सगळ्यांशी."

"हो," तो म्हणाला. "निकाल सांगितला की."

*

तिसऱ्यांदा.

तिसऱ्यांदाचं मला सगळं आठवतं. "मान्य असेल त्यांनी," आणि हात. छपाईखात्यातल्या बायकांचे हात, त्यांतले काही कोपरापर्यंत निळसर, कारण तो रंग रविवारीही जात नाही. काही जणांनी दोन्ही हात वर केले होते आणि शेजारचे त्यांचा एक हात ओढून खाली आणत होते. "नामंजूर असेल त्यांनी," आणि पुन्हा हात. शेतकऱ्यांचे, हॉटेलवाल्यांचे, बाकावरच्या दोघा सहकाऱ्यांचेही.

मी डोळे ताणून बघत होतो. मला हो-चे जास्त दिसले होते. पहिल्यांदाही, दुसऱ्यांदाही, आताही. थोडेच जास्त, पण जास्त.

सगळे हात खाली आले. चौक इतका गप्प झाला की कालव्याचं पाणी ऐकू यायला लागलं. बाल्त्स सरळ उभा होता. एवढ्या माणसांच्या मधोमध मी कुणाला इतकं एकटं पाहिलेलं नाही. मेलेल्या माणसाभोवतीसुद्धा कुणीतरी जवळ बसलेलं असतं. त्याच्याभोवती नुसत्या फळ्या होत्या.

"नाही-चे हात जास्त आहेत," तो म्हणाला. "ठराव फेटाळला आहे."

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग एका बाजूनं आरडाओरडा झाला, टोप्या उडाल्या. दुसऱ्या बाजूला छपाईखात्यातली एक बाई मटकन खाली बसली. बर्नच्या दोघांनी घड्याळं पाहिली आणि ते स्टेशनच्या दिशेनं चालू लागले.

विमलनं माझी बाही धरली आणि ती काहीतरी म्हणाली. ते नंतर सांगतो.

*

सभा संपली की बँड वाजवत प्रमुखाला खानावळीपर्यंत न्यायचं, असा तिथला रिवाज. बँड वाजला. त्याच्यामागून बाल्त्स तलवार धरून चालत गेला. ज्यांच्या बाजूनं निकाल लागला होता ते त्याच्याजवळ यायला बिचकत होते. उद्या कुणी म्हणायला नको की याला विकत घेतलं. ज्यांचं हरलं होतं ते त्याच्याकडे बघत नव्हते. बँड आणि गर्दी यांच्यात मोकळा रस्ता पडला होता आणि त्या रस्त्यावर तो एकटा.

आठवडाभरात खोऱ्यात दोन कथा झाल्या. गिरणीवाल्यांची कथा अशी की हॉटेलवाल्यांनी त्याला फोडला. शेतकऱ्यांची कथा अशी की हेफ्टी फार इमानदार माणूस, स्वतःविरुद्ध निकाल दिला. दुसरी कथा सांगणारे त्याला रस्त्यात थांबवून हात मिळवायचे. मला वाटतं त्याला पहिली कथा सोसायची, दुसरी नाही.

व्यापारमंत्री दुसराच कुणी झाला. बाल्त्सनं मुदत संपेपर्यंत खोऱ्याचं काम पाहिलं आणि मग राजकारण सोडलं. बर्नच्या समित्यांत त्याच्या जागी बसलेला माणूस जकातींवर बोलतच नसे. गिरणी पानगळीच्या सुमाराला बंद पडली. माझ्या परवान्यावर नवा शिक्का बसला नाही.

निघायच्या दिवशी स्टेशनवर तो आला होता. फलाटाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिला, जवळ आला नाही. गाडी हलल्यावर त्यानं टोपी काढली. एका शब्दानं मी त्याला काही विचारलं नव्हतं. रागही होता थोडा. थोडा नाही, पुष्कळ होता.

इचलकरंजीला मी रंगाचं छोटं युनिट टाकलं. चाललं. विमलला तिचा जिना मिळाला, शेजारणी मिळाल्या, दार कधी लागेना असं घर मिळालं. आणि घरभर माणसं असताना मी संध्याकाळी उत्तरेकडच्या खिडकीत जाऊन बसायला लागलो.

*

मग खूप वर्षं. ती सोडून देतो.

विमल गेली. परतल्यावर झालेला मुलगा तोवर झुरिचला नोकरीला होता, त्यानं बोलावलं म्हणून त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिकडे गेलो. एक दिवस त्याला म्हणालो, मला राउफेनच्या गाडीत बसवून दे.

गिरणीचं फर्निचरचं गोदाम झालं होतं. कालव्यात पाणी होतं, कुणाच्याच उपयोगाचं नाही. समोरच्या उतारावर वृद्धाश्रम, आणि त्याच्या व्हरांड्यात काठीवर दोन्ही हात ठेवून बाल्त्स बसला होता. डोळ्यांत दुधासारखं काहीतरी साकळलेलं.

मी नुसतं "ग्रुएत्सी" म्हटलं, तिथला नमस्कार. त्यानं मान वर केली.

"शशी. हा शब्द तू अजून चुकीचाच म्हणतोस." मग हसला. "परवडलं तुला?"

"तिकीट मुलानं काढलं."

"विमल?"

"गेली," मी म्हणालो. त्यानं चाचपडत माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, मग पुन्हा काठीवर नेला. बराच वेळ आम्ही गोदामाकडे बघत बसलो. म्हणजे मी बघत होतो.

"आधी लोक विचारायचे," तो म्हणाला. "त्या दिवसाचं. आता विचारणारेही संपले. तू कधीच विचारलं नाहीस."

"आता विचारतो. तुला काय दिसलं होतं?"

"हो-चे."

"काय?"

"तिन्ही वेळा हो-चे. थोडे, पण जास्त."

माझा आवाज चढला. "मग बाल्त्स, तू..."

"शेड कुणी बनवली होती?" त्यानं विचारलं.

मी काठीवरच्या त्याच्या हातांकडे पाहिलं.

"मी वर्षानुवर्षं तो ठराव घोटत होतो, शशी. मला त्या रिंगणात दुसरं काही दिसणार होतं का? मला तर हात वर व्हायच्या आधीच दिसायला लागले होते. मी सहकाऱ्यांकडे पाहिलं. कुणीतरी दुसरं बघावं म्हणून. ते बूट बघत होते. पास करायला दुसरं कुणी नव्हतं. मग..."

"मग नापास," मी म्हणालो.

"सगळा माल."

व्हरांड्यात ऊन सरकत होतं. कादरमास्तरांचा नियम. थर्मासातल्या चहाबरोबर, हसत हसत सांगितलेला. त्या नियमानं मला घरी पाठवलं होतं, आणि याला इथं आणून बसवलं होतं. मला राग शोधूनही सापडेना.

"तू चर्चच्या पायऱ्यांवर होतास," बाल्त्स म्हणाला. "तुला काय दिसलं?"

"हो-चे."

"तुझा डोळा चालत नाही. तुलाही तेच हवं होतं."

"नाही चालत."

तो काठीच्या मुठीवर बोटं आपटत राहिला. मग त्याचा चेहरा हळूहळू माझ्याकडे वळला, आणि तो काय विचारणार ते मला त्यानं तोंड उघडायच्या आत समजलं.

"विमल," तो म्हणाला. "तिला घरी जायचं होतं. पोहे वाढताना म्हणाली होती."

"हो."

"ती कुठं उभी होती?"

"माझ्या शेजारी. सावलीत. उन्हाकडे पाठ."

"म्हणजे उजेड बरोबर होता."

"बरोबर."

"मग तिचा डोळा धरायचा."

"धरायचा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"तिला काय दिसलं, शशी?"

विमल काय म्हणाली ते नंतर सांगतो म्हणालो होतो. चौकात टोप्या उडत होत्या, तिनं माझी बाही धरली होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ती म्हणाली, "अहो, असं कसं म्हणाले ते? हो-चे हात जास्त होते की! मला स्वच्छ दिसले. तिन्ही वेळा दिसले." आणि मग, "मला घरी जायचं होतं हो. पण असं नव्हतं जायचं." पुढं इचलकरंजीतही, अगदी शेवटच्या आजारपणातसुद्धा, विषय निघाला की ती हेच म्हणायची. तिचं कधी बदललं नाही.

बाल्त्स वाट बघत होता. मान थोडी कलती, जशी चौथऱ्यावर होती.

"नाही-चे," मी म्हणालो.

"जास्त?"

"थोडे. पण जास्त."

"नक्की म्हणाली?"

"तिन्ही वेळा पाहिलं तिनं. तिन्ही वेळा नाही-चे."

त्यानं श्वास सोडला. फार जुना श्वास असावा. खांदे खाली आले. मला वाटलं, झोप लागली.

मग त्यानं काठीच्या मुठीवरचा उजवा हात उचलला. आधी खांद्यापर्यंत, मग डोक्याच्या वर. सरळ.

नर्स लगबगीनं आली. "काय हवंय, हेफ्टी साहेब? पाणी आणू?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. हात खाली घेतला नाही.

नर्सनं माझ्याकडे पाहिलं. मी त्या खोऱ्याचा नागरिक कधीच नव्हतो. मीही हात वर केला.